एका युनिटामागची पाच पिंपं

(सातारा व सांगली भागातील मंडळ्यांच्या संयुक्त मेळाव्यात एका निवृत्त आयटीआय शिक्षकांनी केलेले भाषण. वाचकांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



मी काही वक्ता नाही. एकतीस वर्षं आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवला. फ्यूज कसा घालायचा, अर्थिंग कसं द्यायचं, शॉक बसला तर काय करायचं, एवढंच मला येतं. मेळाव्याचं बोलावणं आलं तेव्हा विषय सांगितला, "घरातली वीज आणि गॅस कसा वाचवावा". मला वाटलं, दहा मिनिटांत संपेल. बल्ब बदला, पंखा बंद करा, बसा खाली. पण लिहायला बसलो आणि लक्षात आलं की ही वीज येते कुठून, हे सांगितल्याशिवाय ती वाचवायची कशाला हे सांगता येणार नाही. म्हणून सुरुवात कोयनेपासून करतो.

आपल्या दारातून वाहणारी वीज

माझं लहानपण कऱ्हाडात गेलं. ११ डिसेंबर १९६७. पहाटे साडेचारच्या सुमाराला आईनं मला आणि बहिणीला अंथरुणासकट उचलून अंगणात आणलं. भांडी फळीवरून खाली पडत होती. मी सात वर्षांचा होतो. भूकंप हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा कानावर पडला. कोयनानगर तर जमीनदोस्तच झालं होतं. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. दिवस उजाडल्यावर वडील म्हणाले, "कोयनेची वीज बंद पडली, आता मुंबईचे कारखाने थांबतील." मला तेव्हा कळेना, भूकंप आमच्याकडे आणि कारखाने मुंबईचे का थांबावेत?

मोठा झालो तेव्हा समजलं. कोयना महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि खरं तर दक्षिणेला, मग पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. पुढे तेच पाणी सांगलीला जातं. पण धरण बांधून त्या पाण्याचा मोठा भाग सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यानं पश्चिमेला वळवला. पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली कोसळून ते पोफळीला जनित्रं फिरवतं आणि वाशिष्ठी नदीतून समुद्राला जातं. १९६२ साली तिथली पहिली वीज निघाली. आज कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १९६० मेगावॉट आहे. कृष्णा पाणी तंटा लवादानं पश्चिमेला वळवायच्या पाण्याला मर्यादा घातली, वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी. त्याच्या आत राहून हा सगळा कारभार चालतो.

आता एक हिशेब सांगतो. शिक्षक आहे, हिशेबाशिवाय जमत नाही. एक युनिट वीज म्हणजे हजार वॉटचं यंत्र एक तास चालवणं. म्हणजे तुमची इस्त्री एक तास. एवढ्या विजेसाठी पोफळीच्या उंचीवरून किती पाणी खाली सोडावं लागतं? वाटेत तारांत होणारी गळती धरून जवळजवळ हजार लिटर. आपल्याकडची दोनशे लिटरची निळी पिंपं असतात ना, तसली पाच पिंपं. एका युनिटामागं पाच पिंपं पाणी, आणि ते पाणी परत येत नाही.

जतच्या, आटपाडीच्या, कवठेमहांकाळच्या भगिनी इथं बसल्या आहेत. टँकर आला की एका घराला दोन पिंपं मिळाली तरी देवाचे आभार मानणाऱ्या. त्यांच्यापुढं मला हे जास्त समजावून सांगायची गरज नाही.

आणि गंमत बघा. याच खोऱ्यात दुसरीकडं वीज जाळून पाणी वर चढवावं लागतं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ, या तिन्ही उपसा योजना कृष्णेचं पाणी पंपानं उचलून दुष्काळी तालुक्यांना देतात. विजेचं बिल थकलं म्हणून पंप बंद राहिले आणि शेतकरी रस्त्यावर आले, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. एका बाजूला पाणी पाडून वीज करायची, दुसऱ्या बाजूला वीज लावून पाणी चढवायचं. आपण या दोन्हींच्या मध्ये राहतो. आपल्याइतकं विजेचं आणि पाण्याचं नातं दुसऱ्या कुणाला कळणार?

अर्थात आपल्या घरात येणारी सगळी वीज कोयनेची नसते. ती मुख्यतः सकाळ-संध्याकाळ मागणी वाढली की मदतीला धावते. महाराष्ट्राची बरीचशी वीज कोळशावर होते. एका युनिटाला साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र राज्यातलं सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक. तो मुलूख पूर्वी गोंड राजांचा. आजही तिथं गोंड बांधव राहतात. खाण, राख, धूर, सगळं त्यांच्या शेजारी. दिवा मात्र आपल्या घरात.

ज्यांनी दिलं त्यांना काय मिळालं

शिवसागर जलाशयात सुमारे शंभर गावांच्या जमिनी गेल्या. माणसं उठून सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशी पांगली. कित्येकांचे जमिनीचे प्रश्न अजून सुटलेले नाहीत. दुसरी, तिसरी पिढी आंदोलनाला बसते. आणि जे पाण्याच्या कडेला डोंगरात राहिले, तापोळा-बामणोलीच्या पलीकडचे, त्यांच्या वाड्यांना लाँचनं जावं लागतं. ज्यांच्या दारात एवढं मोठं धरण, त्यांच्या घरात वीज मात्र फार उशिरा पोचली.

आपल्या कामाच्या निमित्तानं काही वर्षांपूर्वी मी जावळीच्या डोंगरातल्या एका कातकरी वाडीत गेलो होतो. वसतिगृहातल्या एका मुलीला सुट्टीत घरी पोचवायचं होतं. संध्याकाळ झाली. तिची आई चुलीपुढं बसली होती. ओली लाकडं, घरभर धूर. कोपऱ्यात गॅसची टाकी होती. मी म्हटलं, "ताई, गॅस आहे की." ती म्हणाली, "भाऊ, टाकी आहे, भरायला पैसं कुठं हायेत? पाहुणं आलं की लावतो." मला चहा करायला तिनं गॅस लावला. मी पाहुणा होतो ना! तो चहा मला घशाखाली उतरेना.

निघताना तिनं विचारलं, "तुम्ही लायटीचं शिकवता म्हणं. तुमच्या घरी किती दिवं?" मी मनातल्या मनात मोजले. दिवे, पंखे, टीव्ही, फ्रीज, गिझर, मिक्सर, मोटर. सत्तावीस पॉइंट निघाले. मी तिला आकडा सांगितला नाही. "पुष्कळ हायेत" एवढंच म्हणालो.

तेव्हापासून मी घरचं मीटर वहीत लिहायला लागलो. आज जे सांगणार आहे ते सगळं त्या वहीतलं आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. वीज वाचवा हे मी त्या ताईला सांगणार नाही. तिच्याकडं वाचवण्याजोगं काही नाही. हे सांगणं माझ्यासारख्या सत्तावीस पॉइंटवाल्यांना आहे.

सगळ्यात महाग काय? उष्णता

घरातली उपकरणं तीन प्रकारची असतात. उजेड देणारी, फिरणारी आणि तापणारी. तापणारी सगळ्यात खादाड. गिझर, इस्त्री, रॉड, शेगडी. म्हणून सुरुवात तिथून करा.

एक वीस लिटरची बादली अंघोळीपुरती गरम करायला अर्धा युनिट जातो. म्हणजे कोयनेच्या हिशेबानं एक बादली गरम करायला पंचवीस बादल्या डोंगरावरून खाली! मग गिझर पूर्ण भरून, कडक तापवून, त्यात पुन्हा दोन बादल्या गार पाणी मिसळायचं, असं का करायचं? गिझरचा थर्मोस्टॅट पन्नासच्या आसपास ठेवा. अंघोळीआधी दहा-पंधरा मिनिटं लावा आणि पाणी काढून झालं की बटण बंद. घरातल्या सगळ्यांनी एकापाठोपाठ अंघोळी उरकल्या तर टाकी मधल्या वेळात गार होत नाही.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, अनुभवानं सांगतो. एकदा पुतण्याच्या लग्नाला चार दिवस गावी गेलो आणि गिझरचं बटण चालूच राहिलं. आयुष्यभर पोरांना "स्विच ऑफ करा" म्हणणारा माणूस! बायकोनं अजून ते विसरलेलं नाही.

आपल्याकडं वर्षातले आठ महिने लख्ख ऊन असतं. ज्यांना परवडतं त्यांनी सौर बंब बसवावा. ज्यांना परवडत नाही त्यांनी काळं रंगवलेलं पत्र्याचं पिंप गच्चीत उन्हात ठेवावं. दुपारपर्यंत धुण्या-भांड्यापुरतं, लहान मुलांच्या अंघोळीपुरतं कोमट पाणी फुकट मिळतं. माझ्या घरी हेच आहे.

इस्त्री रोज एक-एक कपड्याला लावू नका. आठवड्याचे कपडे एकदम, आधी पाणी शिंपडून गुंडाळून ठेवलेले. जाड कपडे आधी करा. शेवटचे दोन पातळ कपडे बटण बंद केल्यावर उरलेल्या उष्णतेवर होतात.

स्वयंपाकघर

भगिनींनो, इथं मी विद्यार्थी आणि तुम्ही शिक्षक. तरी चार गोष्टी सांगतो.

डाळ, हरभरा, मटकी, राजमा रात्री भिजत घाला. भिजलेलं कडधान्य निम्म्या वेळात शिजतं. कुकरमध्ये भात, डाळ आणि बटाटे एकावर एक डब्यात लावा. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा. आपण शिट्ट्या मोजतो, पण शिट्टी म्हणजे वाया गेलेली वाफ. कुकरमध्ये दाब धरून ठेवायला बारीक आच पुरते. महाबळेश्वर-पाचगणीकडच्यांना तर कुकर हवाच. तिथं उंचीमुळं पाणी पंचाण्णव अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही.

पातेल्यावर झाकण ठेवा. उकळी आल्यावर आच मोठी ठेवून काही फायदा नसतो. उकळतं पाणी उकळत्याहून जास्त गरम होत नाही, फक्त आटतं. ज्योत पिवळी दिसली तर बर्नर साफ करा, ती निळीच हवी. पातेल्याच्या बुडाबाहेर ज्योत जाते ती स्वयंपाकघर तापवते, भाजी नव्हे.

आमच्या आजीची एक युक्ती सांगतो. भात अर्धाकच्चा झाला की ती पातेलं चुलीवरून उतरवायची, गोधडीत गुंडाळायची आणि पेंढ्याच्या टोपलीत ठेवायची. शेतावरून आल्यावर भात तयार आणि गरम. आजही लाकडी खोक्यात भुसा किंवा जुन्या चादरी दाबून भरा, मधे पातेल्याची जागा ठेवा. उकळी आल्यावर दहा मिनिटांनी भाताचं किंवा आमटीचं पातेलं त्यात बंद करा. पाऊण तासात काम होतं. खर्च शून्य.

ज्यांच्याकडं अजून चूल आहे त्यांच्यासाठी आपल्याच जिल्ह्यात मोठं काम झालं आहे. फलटणला आणि पुण्याला काम करणारी आरती ही संस्था, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांची समुचित ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था. तिनं उसाच्या पाचटापासून कांडी कोळसा केला. त्या कामाला २००२ साली लंडनचा अॅशडेन पुरस्कार मिळाला. त्यांच्या सराई कुकरमध्ये मूठ-दीड मूठ कांडी कोळशावर चार-पाच माणसांचा भात-डाळ-भाजी वाफेवर शिजते. आपण शेतात पाचट जाळतो, डोंगरावरची बाई लाकडासाठी मैलभर चालते. या दोन गोष्टी एकत्र आणायचं काम या माणसांनी केलं. आपल्या वाड्यांत निर्धूर चुली बसवायचं काम निघालं तर देणगी देताना हे आठवा. तिथं लाकूड वाचतं, आणि आईचे डोळे न् फुप्फुसंही वाचतात.

फिरणारी आणि उजेड देणारी

पंख्याकडं कुणी लक्ष देत नाही, कारण तो आवाज न करता खातो. साधा छताचा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॉट घेतो. नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. रोज दहा तास चालला तर महिन्याला तेरा-चौदा युनिट वाचतात, एका पंख्यामागं. तो महाग आहे, पण दोन-तीन वर्षांत पैसे वसूल होतात. सगळे एकदम बदलू नका. जो पंखा सगळ्यात जास्त चालतो, बहुधा झोपायच्या खोलीतला, तो आधी. आणि जुना मोठा डबा रेग्युलेटर असेल तर पंखा हळू केल्यानं फारशी वीज वाचत नाही. ती रेग्युलेटरमध्येच तापून जाते. तो काढून इलेक्ट्रॉनिक बसवा.

दिव्यांचं काम बहुतेक घरांत झालं आहे. साठ वॉटच्या बल्बच्या जागी नऊ वॉटचा एलईडी आला. पण जुन्या चोकच्या ट्यूब अजून बऱ्याच ठिकाणी आहेत. चोक धरून ती पन्नास वॉट खाते, एलईडी ट्यूब वीस. आपल्या मंदिरांत वर बघा, किती जुन्या ट्यूब आहेत. बाहेर हॅलोजन आहेत. नाताळच्या महिन्यात तारा रात्रभर जळतो, मंडळी झोपलेली असते. रात्री अकराला बंद केला तर प्रभूचा जन्म काही कमी साजरा होणार नाही.

फ्रीज भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. मागची जाळी धुळीनं भरू देऊ नका. दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा. नोट सहज ओढून निघाली तर रबर गेलं आहे, थंडावा रात्रंदिवस बाहेर जातोय. गरम दूध आत ठेवू नका. नवा घेताना चांदण्या बघा, आणि त्या लेबलावरचं वर्षही बघा. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला, त्यातून ऊर्जा दक्षता ब्यूरो निघाला, त्याचं हे लेबल. त्यावर वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा छापलेला असतो. दोन फ्रीजच्या किमतीतला फरक बघता तसा दोन आकड्यांतला फरकही बघा.

सांगली-मिरजेत आता एसी वाढलेत. चोवीस अंशांवर ठेवा आणि जोडीला पंखा लावा. अठरावर लावून गोधडी पांघरून झोपायचं, हे काही बरोबर नाही.

टीव्हीचा सेट टॉप बॉक्स रिमोटनं बंद केला तरी जळतच असतो. महिन्याला सात युनिटपर्यंत जातात. भिंतीवरचं बटण बंद करा. पण मोबाइलच्या चार्जरच्या मागं लागून दमू नका. नुसता लटकलेला चार्जर नगण्य वीज घेतो. मी पाहिलंय, माणसं चार्जर काढतात, त्यावर दोन तास बोलतात आणि गिझर चालू ठेवतात! आधी हत्ती बघा, मग मुंगी.

शेतकरी बंधूंना

आता थोडं अवघड बोलतो. शेतीपंपाची वीज साडेसात अश्वशक्तीपर्यंत माफ झाली. बरेच जण म्हणतात, "सर, बिलच नाही, मग वाचवायचं कशाला?"

कृष्णाकाठच्या बांधवांनी आपल्या जमिनीकडं बघावं. वाळवा, मिरज, पलूस या भागात मीठ फुटलेली जमीन तुम्ही पाहता. मोटर रात्री चालू करून झोपायचं, सकाळी बंद करायची. पाणी पिकाला लागतं त्यापेक्षा जास्त, आणि क्षार वर. बिल आलं नाही, पण आजोबांनी ठेवलेली जमीन गेली. याहून महाग वीज कुठली?

ठिबक करा. फूट व्हॉल्व्ह मोठ्या तोंडाचा आणि चांगला घ्या, पाइपला विनाकारण वाकणं देऊ नका, कपॅसिटर बसवा. मोटर कमी वेळ चालेल, जळणार नाही, रोहित्रावरचा भार कमी होईल. आणि घरातल्या टाकीला फ्लोट बॉल बसवा. टाकी वाहते तेव्हा वीज आणि पाणी दोन्ही एकदमच गटारात जातात.

आधी गळती, मग सौर

पाटण तालुक्यात ढेबेवाडी खोऱ्यात मान्याचीवाडी नावाचं लहानसं गाव आहे. शंभरच्या आसपास घरं. २०२४ साली ते राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झालं. घरोघरी छपरावर पॅनेल. कोयनेच्या तालुक्यातल्या एका वाडीनं हे करून दाखवलं, याचा मला फार आनंद आहे. तुमच्यापैकी ज्यांचं स्वतःचं छप्पर आहे त्यांनी सूर्यघर योजनेची चौकशी जरूर करावी.

पण एक सांगतो. आधी घरातली गळती बुजवा, मग पॅनेल घ्या. छिद्रं पडलेल्या घागरीला मोठा नळ लावून काय उपयोग? वापर निम्मा केला की पॅनेलही निम्मं पुरतं.

वाचलेलं जातं कुठं?

मागच्या वेळी एका भगिनीनं मला कोंडीत पकडलं. म्हणाली, "सर, मी पंखा बंद केला तर ती वीज कातकरी वाडीत जाईल का?"

खरं उत्तर, नाही. आपण वाचवलेला युनिट कुणी पाकिटात घालून वाडीला पाठवत नाही. वाडीला वीज मिळायला सरकारदरबारी अर्ज, पाठपुरावा, खांब, तार लागते. २०२३ साली पीएम-जनमन योजना आली, तीत कातकऱ्यांसारख्या अतिमागास आदिवासी समूहांसाठी घर, पाणी, वीज यांची तरतूद आहे. त्या कामात आपण कागदपत्रांना मदत करायची, ती वेगळी सेवा.

पण वाचलेला रुपया मात्र तुमच्या हातात राहतो. तो कुठं जायचा हे तुम्ही ठरवता. घरगुती बिलात शंभर युनिटांपर्यंत एक दर, त्यापुढं जवळजवळ दुप्पट. म्हणजे वाचतात ते वरचे, महाग युनिट. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात एकशे नव्वद युनिट होते. वर्षभरात एकशे पंधरावर आले. घरात अंधार झाला नाही, कुणी उकाड्यात बसलं नाही. महिन्याला सात-आठशे रुपये सुटले. ते मी वेगळ्या डब्यात टाकायला लागलो. त्या पैशात त्या वाडीतल्या ताईची गॅसची टाकी भरता आली. पुढच्या वेळी गेलो तेव्हा तिनं चहा केला आणि हसून म्हणाली, "भाऊ, आज तुम्ही पाहुणं म्हणून न्हाई लावला. रोज सकाळचा लावतो आता." तो चहा मी दोन कप प्यालो.

म्हणून तुमच्याकडं तीनच मागणी आहेत. पहिली, येत्या रविवारी उपासनेहून घरी गेल्यावर मीटरचा आकडा वहीत लिहा, आणि दर रविवारी लिहा. घरातल्या शाळकरी मुलाला हे काम द्या. पोरं फार कडक हिशेब ठेवतात. दुसरी, आज सांगितलेल्यांतली एकच गोष्ट या महिन्यात करा, सगळ्या नकोत. आधी जे तापतं ते. तिसरी, बिलात जो फरक पडेल तो डब्यात टाका. तीन महिन्यांनी डबा उघडा आणि काय करायचं ते घरच्यांनी मिळून ठरवा.

पाच हजार लोकांना जेवण घातल्यावर प्रभूनं शिष्यांना उरलेलं गोळा करायला लावलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ज्यानं पाच भाकरींचं एवढं केलं त्याला तुकड्यांची काय कमी होती? पण त्यानं टोपल्या भरून घेतल्या. काही वाया जाऊ दिलं नाही. मला वाटतं, भरपूर असताना जपून वापरणं हीसुद्धा कृतज्ञताच आहे.

आज रात्री घरी जाल, दिवा लावाल. लावा, खुशाल लावा. फक्त बटण दाबताना पाच पिंपं आठवा. आणि खोलीतून बाहेर पडताना तेच बटण पुन्हा एकदा दाबा.

देव तुम्हा सर्वांना आशीर्वादित करो. सलाम.